साठ किलोमीटर सरकलेलं गाव

१

माझ्या पणतूचा बाप्तिस्मा झाला त्या वर्षीची, म्हणजे दोन हजार वीस सालची ही गोष्ट. फेब्रुवारीची दोन तारीख होती, रविवार. चर्चमधून आलो, जेवलो, पणतू रडून रडून झोपला, आणि मी टोपी चढवून कॅप्टन लिसांद्रो रिवेरोसच्या घरी निघालो. त्या दुपारी उबाल्दिनाला तिचं गाव दिसणार होतं.

लास तोनिनास हे ते गाव. आमच्या वियाविसेन्सिओ शहराच्या पूर्वेला, सपाट माळाच्या पार टोकाला. रस्ता नव्हता. मीठ, रॉकेल, औषधं, शाळेच्या वह्या, सगळं विमानाने जायचं. विमान कॅप्टन उडवायचा आणि मी त्याचा मिस्त्री होतो. अठ्ठ्याण्णव साली तिथे बंदूकवाले आले. उबाल्दिनाचा नवरा एवारिस्तो पोन्ते शाळेच्या दारात आडवा उभा राहिला, त्याला तिथेच मारलं. लोकांनी त्याला शाळेमागे घाईघाईने पुरलं, आणि कॅप्टनने दोन फेऱ्यांत एकेचाळीस माणसं बाहेर काढली. पुन्हा तिकडे कुणी गेलं नाही. आता तो सगळा भाग एका कंपनीच्या पामच्या मळ्यात गेला आहे. कंपनी म्हणते, आमच्या कुंपणात असलं गाव कधी नव्हतंच.

जमीन परत मिळावी म्हणून दावा लागला होता. न्यायाधीशबाईंनी सांगितलं होतं, मळा अफाट आहे, जागोजाग खणत बसता येणार नाही. एक जागा लिहून द्या, तिथे मी स्वतः येते. एकच. मुदत शुक्रवारची, सात फेब्रुवारीची.

गावच्या लोकांना विचाराल, तर ती माणसं विमानाच्या पोटात पोत्यांवर बसायची. त्यांना आपल्या ओढ्याचं वळण ठाऊक, आणि तशी वळणं तिकडे शंभर. मीही दोन-चारदा गेलो होतो तो मिठाच्या पोत्यांवर झोपून. नेमकी जागा ठाऊक असलेला माणूस एकच, कॅप्टन, आणि ऑक्टोबरात त्याला झटका आला. वाचा गेली, उजवा हात गेला. पुढे नकाशा धरला की डाव्या हाताने ढकलून द्यायचा. त्यात नवल नव्हतं, नकाशा त्याने उभ्या जन्मात वापरला नव्हता.

पण एक गोष्ट त्याने मागे ठेवली होती. सत्त्याण्णव साली त्याच्याकडे संगणक होता आणि त्यावर विमान उडवायचा खेळ, सिम्युलेटर म्हणतात तो. त्यात आपापल्या धावपट्ट्या, घरं, झाडं मांडायची सोय होती. बाकी आमचा सगळा मुलूख त्या खेळात नुसता हिरवा होता, ना नदी ना डोंगर. कॅप्टनने खपून आपल्या धावपट्ट्या त्या हिरव्यावर मांडल्या. जुना संगणक कधीच भंगारात गेला, फ्लॉप्या राहिल्या. कॅप्टनचा पुतण्या येर्सोन, चाळिशीचा, बाजारात संगणक दुरुस्त करतो. त्याने तो खेळ नव्या संगणकावर उठवला होता.

खोलीत आम्ही पाच जण. कॅप्टन चाकांच्या खुर्चीत. त्याची मुलगी ओदिलिया त्याच्यामागे. उबाल्दिना पहाटेपासून तांदळाचे पाव भाजून थेट आलेली, हातांना पीठ. येर्सोनने यादीतलं नाव दाबलं आणि पडद्यावर लाल मातीची पट्टी आली. तिच्या कडेला अकरा घरं, पत्र्याची शाळा, शाळेमागे सात आंबे, ओढ्याची निळी रेघ. सगळं खोक्यांसारखं, कोनाकोनांचं.

उबाल्दिना खुर्ची ओढून पडद्याजवळ आली. मग तिने पडद्यावर बोट ठेवलं.

"हे आमचं. हे कोन्रादोचं. त्याच्या घराला खिडकी कुठे होती रे, कॅप्टन? उगाच लावलीस."

कॅप्टन अर्ध्या तोंडाने हसला.

येर्सोनने खेळातून अक्षांश-रेखांश काढले आणि खऱ्या नकाशावर टाकले. टाकून पुन्हा एकदा ताडून पाहिले.

"काय झालं?" ओदिलियाने विचारलं.

"काका, तुम्हीच बघा," तो मला म्हणाला.

खूण एल मोरिचाल या गुरांच्या मोठ्या वाड्याच्या कुरणात पडली होती. त्या वाड्यावर मी तीन पिढ्यांच्या जत्रांना गेलो आहे, मांस खाल्लं आहे. तिथे गाव कधी नव्हतं. आणि ती जागा कंपनीच्या मळ्याच्या मध्यापासून साठ किलोमीटर अलीकडे, कुंपणाच्या पार बाहेर होती. हीच जागा लिहून दिली असती, तर कंपनीने आम्हाला मिठाई पाठवली असती.

उबाल्दिनाने हात पदराला पुसावेत तसे झग्याला पुसले. "माझं गाव कुणीतरी उचलून दुसरीकडे ठेवलंय, मिस्त्री. तुम्ही इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड सांगता ना? मग हा सांगा. शुक्रवारपर्यंत."

मी कॅप्टनकडे पाहिलं. तो डाव्या हाताच्या बोटांनी उजव्या मनगटावर टकटक करत होता.

"औषधाची वेळ झाली की असं करतात," ओदिलिया म्हणाली.

पण औषध तर तिने माझ्यासमोरच दिलं होतं, पंधरा मिनिटांपूर्वी.

२

सोमवारी सकाळी मी येर्सोनच्या दुकानात जाऊन बसलो. त्याने काळी कॉफी पुढे केली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "विचारा काका. तुमचा चेहराच सांगतोय."

"कंपनीच्या कचेरीतले प्रिंटर कोण दुरुस्त करतं?"

"मी करतो. पोलीस ठाण्यातलेही मीच करतो, म्हणून काय मी पोलीस झालो?"

"फाइल कुणी बदलली?"

"मी नाही. तिच्यावरची तारीख सत्त्याण्णवची आहे. पण ते सोडा, तारीख कुणीही बदलू शकतं. मला बदलायची असती तर मलाही बदलता आली असती." तो खुर्चीत मागे टेकला. "बघा, मी तुम्हाला माझ्याच विरुद्ध पुरावा देतोय."

"मग तू काय काय केलंस ते पहिल्यापासून सांग. मला अक्षरं बावन्नाव्या वर्षी कळली, संगणक अजून कळायचाय. सावकाश सांग."

त्याने सांगितलं ते असं. तो खेळ इतका जुना, की नवा संगणक त्याला ओळखतच नव्हता. तेव्हा येर्सोनने एक प्रोग्राम घातला, जो नव्या संगणकात जुन्या संगणकाचं सोंग घेतो. खेळाला वाटतं आपण आपल्याच काळात आहोत. जुनी काठी, म्हणजे विमानाचा दांडा, तिची खाच नव्या संगणकाला नव्हती. तीही त्याने वायरी जोडून बसवली. नोव्हेंबरात पहिल्यांदा खेळ सुरू झाला तेव्हा विमान सुटलं ते बंदुकीच्या गोळीसारखं.

"म्हणजे?"

"नवं यंत्र फार वेगवान, काका. जुन्या खेळाला ते सोसत नाही. विमान धावपट्टीवरून निघालं आणि मी डोळे चोळेपर्यंत समुद्रावर. मग मी सोंग घेणाऱ्याला लगाम घातला. विमानातल्या तबकड्यांत एक घड्याळ आहे. त्याचा सेकंद काटा आणि माझ्या मोबाइलचे सेकंद एकत्र चालेपर्यंत लगाम ओढला. दोन दिवस गेले. आता बरोब्बर चालतं."

"आणि मग?"

"मग मी सगळं कॅप्टनकाकांच्या खोलीत लावलं. त्यांना जरा करमेल म्हणून. गाव शोधायची गोष्ट नंतर निघाली." त्याने कॉफीचा कप बाजूला सारला. "काका, एक सांगायचं राहिलं. मी घराची किल्ली डिसेंबरात एकाला दिली होती. ओदिलिया तेव्हा बाजारात होती. तो म्हणाला, तासभर खेळतो, कॅप्टनला सोबत होईल."

"कोण?"

"एर्मेस."

एर्मेस कंपनीच्या पामवर औषध फवारणारं विमान उडवतो.

३

मंगळवारी आधी ओदिलियाला गाठलं. ती अंगणात चादरी वाळत घालत होती. मी खुर्चीचा विषय काढला. तसली चाकांची खुर्ची आमच्या वस्तीत कुणाकडे नव्हती.

"कंपनीने पाठवली," ती म्हणाली. "हो, त्याच कंपनीने. वर फुलंही होती. फुलं मी शेळीला घातली, खुर्ची ठेवली. बाबांना मी पाठीवर घेऊन फिरू का?"

"बदल्यात काही मागितलं त्यांनी?"

"मागितलं असतं तर फुलांसारखी खुर्चीही शेळीला घातली असती." तिने चिमटा दातात धरला, चादर नीट केली, चिमटा लावला. "मिस्त्री, खरं सांगू? मला तो खेळ नकोच होता. बाबा त्या पडद्यासमोर बसले की मनगट बडवत बसतात. जखम झाली बघा तिथे. पण मी त्याला हात लावला नाही. मला तो चालूसुद्धा करता येत नाही."

तिच्यावर माझा विश्वास बसला. राहिला एर्मेस.

तो विमान धूत होता. मला पाहून त्याने नळ बंद केला नाही, आवाज चढवला.

"आलात का? मला वाटलं कालच याल. येर्सोनने फोन केला रडत."

"डिसेंबरात तू तिथे तासभर काय केलंस?"

"उडवलं. अजून काय करणार? मी त्याच पडद्यावर शिकलो, मिस्त्री. सत्त्याण्णवमध्ये वर्षभर कॅप्टनच्या बाजूला स्टुलावर बसलो, तेव्हा कुठे खऱ्या विमानात घेतलं. आणि तोवर लास तोनिनास रिकामं झालं होतं. मी ते गाव बघितलंच नाही. बघितलं असतं तर कोर्टात पहिला मी गेलो असतो."

"कंपनीचा पगार खाऊन?"

त्याने नळ बंद केला. "टोचलंत. बरं, टोचा. पण डोकं वापरा. मी कंपनीसाठी गाव हलवलं असतं, तर ते दुसऱ्याच्या कुरणात कशाला नेऊन ठेवू? पुसून टाकलं असतं. दोन बटणं."

ते मला पटलं. ज्याला गाव नको, तो ते जपून, अकरा घरं आणि सात आंब्यांसकट, साठ किलोमीटर का नेईल?

"तासभरात काय उडवलंस?"

"पुएर्तो गार्साला गेलो. अजून वापरात आहे ती पट्टी, गेल्याच महिन्यात मी खरोखर तिथे उतरलोय. खऱ्या विमानाने चाळीस मिनिटं लागतात. वेग तोच ठेवला, ताशी दोनशे चाळीस, कॅप्टनचा नियम. तर पट्टी बत्तीस मिनिटांतच समोर. मी म्हटलं, येर्सोनचं यंत्र जोरात पळतंय."

"त्याने सेकंद जुळवलेत."

"मग मला माहीत नाही." तो फडकं पिळत राहिला. "त्या काळी असं नव्हतं. तेव्हा कॅप्टन एक पट्टी मांडायला अख्खा प्रवास करायचा. खेळातला वारा बंद, होकायंत्राचा काटा दिशेवर धरायचा, आणि मनगटावरचं घड्याळ बघत बसायचा. त्याची मिनिटं भरली की खेळ थांबवायचा आणि तिथेच पट्टी ठोकायचा. मी स्टुलावर झोपायचो. तबकडीतल्या घड्याळाचं नाव काढलं की डोक्यात टपली."

"तबकडीतल्या घड्याळाकडे का नाही?"

"कुणास ठाऊक. म्हातारा कधी कारण सांगतो का?"

मी परत येताना विचार करत होतो. पुएर्तो गार्साही सरकलं होतं. पण ते कंपनीच्या कामाचं नव्हतं, कुणाच्याच दाव्यात नव्हतं. चोराने ते का सरकवावं?

४

बुधवारी मी येर्सोनला आणि त्याच्या नकाशाला घेऊन कॅप्टनच्या खोलीत बसलो. म्हटलं, खेळातल्या सगळ्या पट्ट्या काढ. ज्या आजही खऱ्याखुऱ्या जमिनीवर आहेत त्या आधी.

तशा तीन निघाल्या. ला लोमा शहरापासून खरी साठ किलोमीटर, खेळात अठ्ठेचाळीसवर. पुएर्तो गार्सा खरी एकशे साठ; खेळात एकशे अठ्ठावीस. सेरो पेलादो खरी दोनशे. खेळात एकशे साठ. दिशा तिन्हींच्या तंतोतंत बरोबर. फक्त सगळ्या अलीकडे आलेल्या. जवळची थोडी, लांबची जास्त.

"माणूस असं करत नाही," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"चोर एक गाव हलवेल. सगळा मुलूख रबरासारखा आखडणार नाही, तोही सरळ रेघेत. हा बिघाड आहे. आणि बिघाड नेहमी एका जागी असतो." हे मी चाळीस वर्षं इंजिनांबद्दल म्हणत आलो होतो. पण बिघाडाची जागा अजून सापडली नव्हती.

मी पाय मोकळे करायला उठलो. कोपऱ्यात जुन्या संगणकाचा पडदा होता, तो भंगारात गेला नव्हता. जड, पोट असलेला. ओदिलियाने त्यावर कुंडी ठेवली होती. मी कुंडी हलवली, काच पुसली. काचेच्या खालच्या डाव्या कोपऱ्यावर जखमेवर लावायची चिकटपट्टी होती, बोटभर, पिवळी पडलेली.

"ओदिलिया, ही कुणी लावली?"

ती दारात आली. "बाबांनी. आई असताना. आई म्हणायची, काच काय आजारी आहे का? तर म्हणायचे, इथलं घड्याळ खोटं बोलतं."

येर्सोनने नव्या पडद्याकडे पाहिलं. खालच्या डाव्या कोपऱ्यात, तबकड्यांच्या ओळीत, घड्याळ होतं.

आणि माझ्यामागे टकटक सुरू झाली. कॅप्टन मनगट बडवत होता, डोळे माझ्यावर रोखून. ऑक्टोबरात दवाखान्यात त्याच्या उजव्या मनगटावरून काय काढून घेतलं होतं ते मला तेव्हा उमगलं. हा माणूस चार महिने औषध मागत नव्हता. घड्याळ मागत होता.

"येर्सोन," मी म्हणालो, "नवं यंत्र जोरात धावत होतं, म्हणून तू लगाम घातलास. जुनं यंत्र कसं धावायचं?"

"जुनं? ते तर दमायचं. इतकी चित्रं काढायची तर..." तो थांबला. मग हळू म्हणाला, "ते मागे पडायचं. खेळातला वेळ खऱ्या वेळेच्या मागे पडायचा."

"किती?"

त्याने कागद ओढला. मी आकडे लहानपणापासून जाणतो, मला कागद लागला नाही. अठ्ठेचाळीसचे सव्वापट साठ. एकशे अठ्ठावीसचे सव्वापट एकशे साठ. एकशे साठचे सव्वापट दोनशे. जुन्या यंत्राला स्वतःचं एक मिनिट पुरं करायला आपलं सव्वा मिनिट लागत होतं. तबकडीतलं घड्याळ यंत्राबरोबर मंद चालायचं. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, यंत्र मंद आहे. पण आमचे वैमानिक यंत्रावर नाही, मनगटावर उडतात. तिकडे खुणेला काही नसतं. काटा आणि मिनिटं, एवढ्यावर माणसं घरी परत येतात. कॅप्टनला घड्याळ खोटं वाटलं. त्याने त्यावर पट्टी चिकटवली आणि आपल्या खऱ्या मिनिटांनी मंद विमान चालवून, मिनिटं भरली तिथे गावं मांडली. मंद विमान तेवढ्या वेळात कमी अंतर कापायचं. म्हणून प्रत्येक गाव अलीकडे.

"म्हणजे कुणीच काही केलं नाही?" ओदिलियाने विचारलं.

"तुझ्या बापानेच केलं. प्रामाणिकपणे."

खेळात लास तोनिनास दोनशे चाळीस किलोमीटरवर होतं. सव्वापट तीनशे. येर्सोनने त्याच दिशेने रेघ साठ किलोमीटर पुढे नेली. खूण मळ्याच्या मधोमध पडली, ओढ्याच्या एका वळणाशी.

"हे कोर्टात टिकेल?" येर्सोन म्हणाला. "ते म्हणतील, म्हाताऱ्या मिस्त्रीने पाढे म्हटले."

तो बरोबर होता. आणि जागा एकच सांगायची होती. चुकलो असतो तर उबाल्दिनाला दुसरी संधी नव्हती.

५

गुरुवारी दुपारी सगळे परत जमलो, उबाल्दिना आणि एर्मेससुद्धा. येर्सोनने लगाम आणखी ओढला, तबकडीतलं घड्याळ आपल्या सव्वा मिनिटाला एक मिनिट चालेपर्यंत. विमान अडखळत उडू लागलं.

"हो, हे असंच होतं," एर्मेस म्हणाला. "असंच हिसके खायचं."

मी नव्या पडद्यावर त्याच कोपऱ्यात चिकटपट्टी लावली. ओदिलियाने कपाटातून घड्याळ आणलं, किल्ली दिली आणि बापाच्या मनगटावर बांधलं. डावा हात दांड्यावर ठेवला. त्याला आम्ही एकच सांगितलं, "लास तोनिनास."

त्याने विमान उचललं. काटा आपल्या दिशेला आणला आणि धरला. मग पडद्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. निर्जीव उजवा हात त्याने मांडीवर उताणा पाडून घेतला होता, आणि तो घड्याळ बघत होता. पडद्यावर नुसतं हिरवं. अर्धा तास गेला. उबाल्दिनाने पाव वाटले.

"विमानात तू कधी पाव दिला नाहीस, कॅप्टन," ती म्हणाली. "बघ, माझ्यात माणुसकी आहे."

तास झाला. येर्सोनने तोंड उघडलं, एर्मेसने त्याला टपली मारली. बहात्तराव्या मिनिटाला कॅप्टनने विमान खाली घेतलं. पंच्याहत्तराव्या मिनिटाला दांडा सोडून हात वर केला. त्याची नजर घड्याळावरच होती.

पडद्यावर समोर लाल पट्टी होती, अकरा घरं आणि सात आंबे.

खऱ्या विमानाला ताशी दोनशे चाळीसने पंच्याहत्तर मिनिटं म्हणजे तीनशे किलोमीटर. पाढ्यांनी काढलेली जागा आणि मनगटाने सांगितलेली जागा एकच निघाली.

एर्मेस नकाशावरच्या खुणेवर वाकला. "हा चौदावा गट," तो म्हणाला. "मी फवारतो इथे. उद्या सकाळी फवारणी आहेच."

"कंपनीचं विमान घेऊन टेहळणी करणार?" ओदिलियाने विचारलं. "काढून टाकतील तुला."

"टाकू दे. मी त्या गटावरून सहा वर्षं उडतोय, दर वेळी औषधाची तोटी बघत. खाली काय आहे ते एकदाही पाहिलं नाही."

शुक्रवारी दहा वाजता तो विमानतळावरून थेट कोर्टाच्या पायऱ्यांवर आला, अंगाला औषधाचा वास. म्हणाला, पामच्या रांगांत एका जागी रांगा मोडतात. मध्ये पाच आंबे आहेत, जुने, एका ओळीत. कंपनीने गुरांना सावली म्हणून ठेवले असावेत. ओढा पश्चिमेला वळतो. त्याने तसं लिहून सही केली. मीही माझा जबाब लिहिला, अक्षर मोठं आणि वाकडं, पण माझं. दुसऱ्या दिवशी एर्मेसची नोकरी गेली.

कंपनीच्या वकिलाने मला विचारलं, जुनं यंत्र मंद होतं याला पुरावा काय, ते यंत्र तर भंगारात गेलं. मी म्हटलं, यंत्र नसू दे. ला लोमा आहे, पुएर्तो गार्सा आहे, सेरो पेलादो आहे. विमानात बसा आणि मोजा. न्यायाधीशबाईंनी त्याला बसायला सांगितलं आणि जागा लिहून घेतली.

पाहणी सहा मार्चला झाली, शुक्रवारी. मळ्याचं फाटक उघडायला दोन तास लागले. न्यायाधीशबाई बुटांवर चिखल घेऊन पुढे, मागे आम्ही. उबाल्दिना कुणाचा हात धरायला तयार नव्हती. पामच्या वाळल्या झावळ्यांखाली आधी विहिरीचा कठडा लागला. मग शाळेची सिमेंटची जमीन, चार खोल्यांची, मधून फुटलेली. खणणाऱ्यांनी शाळेच्या मागच्या बाजूला दोरी बांधली. उबाल्दिनाने त्यांना दोरी तीन पावलं डावीकडे सरकवायला सांगितली. ते तिला समजावू लागले तेव्हा ती म्हणाली, "पुरताना फावडं माझ्या हातात होतं." त्यांनी दोरी सरकवली. दुपारी अडीचला काम थांबवून सगळ्यांनी टोप्या काढल्या.

परत आल्यावर मी सरळ कॅप्टनकडे गेलो आणि त्याला सगळं सांगितलं, दोरी कशी सरकली तेही. त्याने ऐकलं. शेवटी डाव्या हाताने माझा हात दाबला.

न्यायालयाच्या अहवालात लिहिलं आहे: लास तोनिनास गाव इथे होतं. शाळेमागे सापडलेला देह एवारिस्तो पोन्ते यांचा, मृत्यू एकवीस सप्टेंबर एकोणीसशे अठ्ठ्याण्णव.

कॅप्टन लिसांद्रो रिवेरोस आठ मार्च दोन हजार वीस रोजी, रविवारी सकाळी, आपल्या घरी वारला. त्याचं वय एक्याऐंशी होतं.